महिला दिनाची फुकट भेट

८ मार्च हा दिवस व्यापारी वर्गाच्या पंचांगात आता दिवाळी आणि अक्षय्य तृतीया यांच्या पंक्तीला येऊन बसला आहे. सराफी पेढ्या, खाजगी बँका, विमा कंपन्या, मॉल, खाजगी रुग्णालये, इतकेच काय पण इमारती बांधून विकणारेही या दिवसाच्या निमित्ताने ‘नारीशक्ती’ला वंदन करण्याची मोहीम काढतात; आणि मोहीम म्हटली की वाटप आलेच. दारात येणाऱ्या प्रत्येक स्त्रीच्या हाती काहीतरी ठेवले जाते. कधी चेनचा छोटा पाउच, कधी मुठीत मावणारा आरसा, कधी किल्ल्यांची साखळी, कधी हातरुमाल, कधी गुलाबी रंगाची पिशवी. वस्तूवर एखादे गौरवपर वाक्य असते आणि त्याच्या खाली, वाक्यापेक्षा ठळक अक्षरांत, कंपनीचे नाव. घेणारीला आनंद होतो, देणाऱ्याचे नाव होते, आणि यात आक्षेप घेण्यासारखे काय आहे, असा प्रश्न पक्षाशी सहानुभूती बाळगणारी सुशिक्षित मंडळीही विचारतात. वीस रुपयांच्या पाउचवर समाजवाद्यांनी लेखणी झिजवावी काय, असा त्या प्रश्नातला सूर असतो. झिजवावी, कारण आजच्या भांडवली अर्थव्यवस्थेतील तीन खोटी विधाने या एका पाउचमध्ये जितक्या नेटकेपणाने भरलेली आढळतात, तितकी मोठ्या पोलाद कारखान्याच्या ताळेबंदातही आढळत नाहीत.

अशी वस्तू निवडली कशी जाते हे आधी पाहिले पाहिजे. कंपनीच्या विक्री खात्यापुढे घाऊक व्यापाऱ्याची सूची असते. पाचशे नगांना एक दर, हजारांना त्याहून कमी, पाच हजारांना आणखी कमी. निवडीचे निकष ठरलेले असतात. वस्तू हलकी हवी, म्हणजे शाखाशाखांना पाठविण्याचा खर्च वाढत नाही. ती नासणारी नसावी. नाव छापण्यास सपाट जागा हवी, छपाई शक्यतो एका रंगात भागावी. ती घरात किंवा पर्समध्ये बरेच दिवस राहावी, म्हणजे नाव तितके दिवस डोळ्यांपुढे राहील. दिवसाच्या विषयाशी तिचा काही संबंध दिसावा. महिला दिन म्हटला की तो संबंध गुलाबी रंगाने जोडला जातो आणि विचार तेथेच संपतो. सर्वांत शेवटी, पण खरे तर सर्वांत आधी, ती स्वस्त हवी. या सर्व निकषांत एक निकष कोठेही नाही: ही वस्तू कोणी केली आणि करणाऱ्याला काय मिळाले? स्त्रियांच्या नावाने साजऱ्या होणाऱ्या दिवशी स्त्रियांना वाटण्याची वस्तू निवडताना हा प्रश्न सुचत नसेल, तर त्याला विसराळूपणा म्हणता येणार नाही. हा प्रश्न विचारला तर ‘स्वस्त’ हा शब्दच टिकत नाही.

या दिवसाचे कुळ-मूळ पक्षाच्या वाचकांना नव्याने सांगण्याचे कारण नाही. १९१० साली कोपनहेगन येथे भरलेल्या समाजवादी स्त्रियांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत क्लारा झेटकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महिला दिनाचा ठराव मांडला. १९११ च्या मार्चमध्ये पहिला महिला दिन पाळला गेल्यावर आठवडाभरातच न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात आग लागून १४६ कामगार मृत्युमुखी पडले. त्यांत बहुसंख्य शिवणकाम करणाऱ्या तरुण मुली होत्या. १९१७ च्या ८ मार्चला पेट्रोग्राडच्या कापड गिरण्यांतील स्त्रिया भाकरीसाठी रस्त्यावर उतरल्या आणि झारशाही कोसळण्यास प्रारंभ झाला. सुई, माग आणि भाकरी यांतून हा दिवस निघाला आहे. त्याच दिवशी शिवणकाम करणाऱ्या स्त्रीच्या मजुरीवर हात मारून शिवलेला पाउच ‘सन्मान’ म्हणून वाटला जावा, यापेक्षा क्रूर उपरोध शोधून सापडणार नाही.

आता पहिले खोटे विधान: ही भेट आहे. मार्सेल मॉस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ साली दाखवून दिले की कोणत्याही समाजात दान निर्हेतुक नसते, त्याच्यामागोमाग परतफेडीचे बंधन येते. पण मॉसच्या समाजांत देणारा निदान ते बंधन उघडपणे मान्य करतो. कंपनीचे तसे नाही. ग्राहक स्त्रीसमोर ती सांगते की ही प्रेमाची भेट आहे. आयकर अधिकाऱ्यासमोर तीच कंपनी हा खर्च संपूर्णपणे आणि केवळ धंद्यासाठी झाला आहे असे दाखवून देते. कारण १९६१ च्या आयकर कायद्याच्या ३७ व्या कलमाने वजावटीस तीच अट घातली. म्हणजे भेट नाही असे लेखी निवेदन कंपनीनेच करून ठेवलेले असते. वस्तू व सेवा कराच्या २०१७ च्या कायद्यात भेट म्हणून दिलेल्या मालावरील कराचा परतावा नाकारण्यात आला आहे, तेव्हा तेथेही ‘ही भेट नव्हे, विक्रीवृद्धीचे साधन होय’ असा युक्तिवाद करण्याकडे सल्लागारांचा कल असतो. एकच पाउच दुकानाच्या दारात भेट असतो आणि कर कार्यालयाच्या दारात खर्च. या दोन दारांपैकी कोणत्या दारात कंपनी खरे बोलते हे ओळखण्यास अर्थशास्त्राच्या पदवीची गरज नाही.

दुसरे विधान असे की ती फुकट आहे. मग तिचे पैसे कोण देतो? कंपनीचा नफा आहे तेवढाच राहतो आणि वाटपाचा खर्च आकाशातून पडतो, असे तर कोणी म्हणणार नाही. निकोलस काल्डॉर यांनी १९५० च्या सुमारास जाहिरातीच्या अर्थशास्त्रावर लिहिताना हा मुद्दा नेमका पकडला होता. जाहिरात ही वस्तूबरोबर ग्राहकाच्या गळ्यात बांधली जाते. तिची वेगळी किंमत मागितली जात नाही, म्हणून ती नाकारण्याची संधीही मिळत नाही, आणि म्हणूनच समाजाला हवी असते त्यापेक्षा कितीतरी अधिक जाहिरात निर्माण होते. हेच काल्डॉर १९५६ साली भारताच्या करपद्धतीचा अभ्यास करण्यासाठी येथे आले आणि त्यांच्या शिफारशींतून देणगी कर आला. तो १९५८ चा कायदा १९९८ पासून निष्प्रभ करण्यात आला, ही गोष्ट वेगळी.

ग्राहकाच्या बरोबरीने सार्वजनिक तिजोरीही या वाटपाचा वाटा उचलते. २०१९ साली कंपन्यांना देऊ केलेल्या सवलतीच्या दराने अधिभार व उपकर धरून सुमारे २५ टक्के कर पडतो. त्या दराने कर भरणाऱ्या कंपनीने १०० रुपयांच्या वस्तू वाटल्या तर तिचा कर सुमारे २५ रुपयांनी कमी होतो. म्हणजे ज्या स्त्रीने कधी त्या दुकानाची पायरी चढली नाही, तिच्या मुलाच्या शाळेसाठी येऊ शकले असते असे २५ रुपये त्या वाटपात गेले. याला आळा घालण्याचे प्रयत्न या देशात झालेच नाहीत असे नव्हे. १९७८ च्या अर्थसंकल्पात जनता सरकारचे अर्थमंत्री एच. एम. पटेल यांनी जाहिरात आणि विक्रीवृद्धीच्या खर्चाच्या वजावटीवर मर्यादा आणली. ती फार काळ टिकली नाही. १९८३ मध्ये ती निराळ्या रूपात परत आली; एक लाख रुपयांवरील अशा खर्चाचा २० टक्के भाग वजावटीतून वगळण्यात आला. १९८५ मध्ये तीही काढून टाकली गेली, आणि तेव्हापासून या विषयावर संसदेत गंभीर चर्चा होणेच बंद झाले आहे. विरोधी बाकांवरील पक्षांनाही त्याची आठवण राहिलेली दिसत नाही.

कायदा मात्र हे सत्य जाणतो. मक्तेदारी नियंत्रणाच्या १९६९ च्या कायद्यात १९८४ साली जी दुरुस्ती झाली तिच्यात, आणि पुढे ग्राहक संरक्षणाच्या २०१९ च्या कायद्यातही, किमतीत अंशतः वा पूर्णतः समाविष्ट असलेली वस्तू फुकट दिल्याचा आभास निर्माण करणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविली आहे. हा नियम शब्दशः लावला तर बाजारातले निम्मे फलक उतरवावे लागतील. त्याचा खराखुरा उपयोग क्वचितच होतो. २०१९ मध्ये चंदीगडच्या ग्राहक मंचाने बाटा कंपनीला दंड केला तो एका कागदी पिशवीपायी. कंपनीने स्वतःची जाहिरात छापलेल्या पिशवीचे तीन रुपये ग्राहकाकडून घेतले होते. जाहिरात कंपनीची, ती मिरवणार ग्राहक, आणि पैसेही ग्राहकाचेच! दंड नऊ हजार रुपयांचा होता. आकडा क्षुल्लक, पण निकालातील तर्क मोलाचा. फुकट पाउच आणि तीन रुपयांची पिशवी यांत फरक एवढाच की पिशवीच्या बाबतीत पैसे पावतीवर दिसतात.

तिसरे विधान सर्वांत गंभीर आहे, आणि ते म्हणजे ही वस्तू स्वस्त आहे. कोणासाठी स्वस्त? उदाहरणादाखल एक हिशेब मांडून पाहावा. आकडे कल्पित आहेत, रचना कल्पित नाही. पाउचची मागणी पाच हजार नगांची आणि ठरलेला दर नगाला २० रुपये. कापड, चेन, रनर, दोरा आणि छपाई मिळून ११ रुपये; वाहतूक आणि बांधणी २ रुपये; घाऊक व्यापारी आणि ठेकेदार यांचा मिळून वाटा ४ रुपये; आणि शिवणाऱ्या बाईची मजुरी ३ रुपये. विक्री खात्याचा अधिकारी घासाघीस करून दर १८ वर आणतो. त्याच्या दृष्टीने ही केवळ १० टक्क्यांची बचत आहे आणि त्याबद्दल वरिष्ठ त्याची पाठ थोपटतात. पण ते दोन रुपये कोठून येतात? कापडाचा आणि चेनचा भाव ठेकेदाराच्या हाती नाही. छपाईवाला उधारी ठेवत नाही. वाहतुकीचा दर डिझेलवर ठरतो. फार तर कापडाचा दर्जा उतरवता येतो, आणि तो उतरवला जातोच. दोन महिन्यांत शिवण उसवलेला पाउच घरोघरी पाहावयास मिळतो. उरलेले सारे मजुरीवर येऊन पडते. दोनांपैकी दीड रुपया तेथून कापला तर कंपनीची १० टक्क्यांची बचत ही बाईच्या कमाईतील ५० टक्क्यांची कपात ठरते. तासाला दहा नग झाले असे धरले, तर आठ तासांचे २४० रुपयांवरून १२० रुपये. पाच हजार नगांवर कंपनीने वाचवले दहा हजार. ज्या मोहिमेच्या नुसत्या फलकांवर याहून अधिक खर्च होतो, त्या मोहिमेतले दहा हजार!

या साखळीचे शेवटचे टोक कारखान्यात नसते, घरात असते. बेतलेले कापड गठ्ठ्यांनी घरी येते. शिलाई, रनर भरणे, उलटवणे, सुटे धागे कापणे, डझनांनी बांधणे ही कामे नगावर चालतात. यंत्र बाईचे, त्याची दुरुस्ती तिची, विजेचे बिल तिचे, सुई मोडली तर तिची, आणि धागे कापायला बसलेली शाळकरी मुलगीही तिचीच. भांडवलदाराने कारखान्याची जागा, वीज, देखरेख आणि जोखीम असे चारही खर्च कामगाराच्या घरात नेऊन ठेवले आहेत आणि त्याला ‘घरबसल्या रोजगार’ असे गोंडस नाव दिले आहे. कारखाना म्हणून नोंद होण्याची मर्यादा १९४८ च्या कायद्यात वीज वापरणाऱ्यांसाठी १० कामगारांची होती. नव्या श्रमसंहितेने ती २० केली. स्वयंपाकघरात एकटी बसून शिवणारी बाई या दोन्ही आकड्यांच्या बाहेरच होती आणि आहे.

विशिष्ट दिवसाच्या मोहिमेत आणखी एक गोष्ट घडते, आणि तिच्याकडे कामगार चळवळीचेही लक्ष गेलेले नाही. ८ मार्च पुढे ढकलता येत नाही. नारीशक्तीचे वाक्य छापलेला पाउच ९ मार्चला कवडीमोल होतो. कापडाची वस्तू असूनही हा माल टोमॅटोसारखा नाशवंत आहे, आणि नाशवंत माल घेऊन बाजारात उभ्या असलेल्या शेतकऱ्याची जी गत होते तीच येथे ठेकेदाराची आणि त्याच्या पाठीमागे बाईची होते. मागणी उशिरा यायची, मुदत मात्र हलायची नाही. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात रात्रीचे जागरण करायचे, आणि माल एक दिवस उशिरा पोहोचला किंवा छपाई तिरकी झाली की सबंध गठ्ठा नापास. नापास मालाची मजुरी नाही. ग्राहकाला जी तारीख सणाची वाटते ती शिवणारीच्या दृष्टीने मालकाच्या हातातील चाबूक असते.

यावर ठरलेले उत्तर असे की, निदान काम तरी मिळते. वाटप बंद झाले तर या बायका खातील काय? हा युक्तिवाद नवा नाही. बालमजुरीच्या, वेठबिगारीच्या, विडी कारखानदारांच्या बचावार्थ तो पूर्वी केला गेला आहे आणि प्रत्येक वेळी तो फोल ठरला आहे. १९८२ साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटले की किमान वेतनाहून कमी मजुरीवर काम करून घेणे ही राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने निषिद्ध केलेली वेठ आहे. गरजेपोटी मजूर कबूल झाला म्हणून ती वेठ राहत नाही असे नाही. नगावर काम करणाऱ्याला किमान वेतनाच्या हिशेबाने मजुरी मिळाली पाहिजे हे तत्त्व १९४८ च्या कायद्यात होते आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. उणीव आहे ती, पाउचच्या शिलाईचा एक नग म्हणजे किती वेळ, हे ठरविणाऱ्या दरपत्रकाची आणि ते लागू करणाऱ्या यंत्रणेची. शिवाय बायकांना काम हवे असेल तर वाटप बंद करा असे कोणी म्हणत नाही. मजुरी द्या, एवढेच म्हणणे आहे. मग २० रुपयांचा पाउच २५ चा होईल आणि कंपनीने पाच हजारांऐवजी चार हजार वाटले तर आकाश कोसळणार नाही.

‘आम्ही मालक नाही, आम्ही फक्त व्यापाऱ्याकडून माल घेतला’ ही कंपन्यांची दुसरी ढाल. सोलापूरच्या विडी कामगार स्त्रियांना ही ढाल चांगली ठाऊक आहे. विडी कारखानदारही असेच म्हणत. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने घरी विड्या वळणारीला कामगार म्हणून मान्यता दिली, आणि १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला भविष्यनिर्वाह निधीचा हक्कही मान्य केला. त्या निकालातील तर्क पाउचलाही जसाच्या तसा लागू पडतो: तयार माल नापास करण्याचा अधिकार ज्याच्या हाती आहे, त्याचेच त्या कामावर नियंत्रण आहे. विडीवर जे साधले ते शिवणीवर साधत नाही, याचे कारण विडी कामगारांची संघटना झाली आणि पाउच शिवणारी बाई अजून कोणाच्या गणतीत नाही. अहमदाबादच्या ‘सेवा’ने १९७२ पासून घरकामगारांना संघटित करून हा प्रश्न जिनिव्हापर्यंत नेला, १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने घरी बसून केल्या जाणाऱ्या कामाविषयीचा १७७ क्रमांकाचा करार संमत केला. ज्या देशातील स्त्रियांनी तो घडवून आणण्यास हातभार लावला त्या देशाच्या सरकारने मात्र त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही.

महाराष्ट्रातील समाजवादी स्त्रियांना स्वयंपाकघरातील वस्तूंचे राजकारण कोणी शिकवावे असे नाही. १९७२ नंतरच्या महागाईविरोधी आंदोलनात मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाटणे आणि थाळी मोर्चात आणली, आणि मंत्रालयाला त्या आवाजाची दखल घ्यावी लागली. तेव्हा घरातील वस्तू बाईच्या हाती घोषणा बनली होती. आज बाहेरून आलेली वस्तू बाईच्या हाती कंपनीची घोषणा बनते, आणि ती घेऊन ती घरी जाते. खेदाची गोष्ट ही की पुरोगामी म्हणविणाऱ्या संस्थाही याला अपवाद नाहीत. महिला दिनाच्या मेळाव्यात प्रतिनिधींच्या खांद्यावर पतपेढीच्या किंवा बांधकाम कंपनीच्या नावाच्या पिशव्या दिसतात. पिशवी कापडासारखी दिसते, पुष्कळदा ती न विणलेल्या प्लॅस्टिकचीच असते. पण तो वादाचा निराळा विषय आहे. पिशवीत ‘समान कामास समान वेतन’ हा ठराव ठेवलेला असतो. ठराव खरा की पिशवी खरी, असे एखाद्या शिवणाऱ्या बाईने विचारले तर व्यासपीठावर उत्तर कोण देणार?

तेव्हा जिल्हा व शहर शाखांनी येत्या महिला दिनाच्या कार्यक्रमांत प्रायोजकांच्या वस्तू स्वीकारू नयेत, हे तर किमान झाले. त्याहून महत्त्वाचे काम मागणीचे आहे. राष्ट्रीयीकृत बँका, आयुर्विमा महामंडळ, महानगरपालिका आणि सरकारी मंडळे यांनी वाटपासाठी घेतलेल्या प्रत्येक वस्तूच्या निविदेत नगावरची मजुरी नमूद करण्याची अट असली पाहिजे. ती अट पाळणाऱ्या कामगार स्त्रियांच्या सहकारी संस्थांना प्राधान्य मिळाले पाहिजे. (बचत गटाचा फलक लावून आत जुनाच ठेकेदार बसलेला नाही ना, हे तपासावे लागेल.) शिलाई, रनर भरणे, धागे कापणे या कामांचे नगवार किमान दर राज्य सरकारने जाहीर केले पाहिजेत, आणि माल नापास केल्यास मजुरी कापण्यास बंदी हवी. विधिमंडळातील सदस्यांना हे प्रश्न विचारता येतील. सरकारी संस्थांपुरते तर माहितीच्या अधिकाराखाली एका साध्या कार्यकर्त्यालाही विचारता येतील. मात्र मार्च उजाडल्यावर ते विचारून उपयोग नाही. महिला दिनाच्या मालाच्या मागण्या डिसेंबर-जानेवारीत निघतात आणि गठ्ठे वस्त्यांत फेब्रुवारीत पोहोचतात. धारावीत, उल्हासनगरात, सोलापुरात ज्यांच्या शाखा आहेत त्यांनी त्या दोन महिन्यांत घरोघर जाऊन नगाला काय मिळते, एवढे एका वहीत लिहून आणावे.